निकु उदोन : ओसाकाच्या पद्धतीचा वाडगा, घरच्या घरी

ओसाकाला आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात मी घरी निकु उदोन करायला घेतला आणि कोल्हापुरी हाताने त्याची पार वाट लावली. हाडं आणली, पातेल्यात घातली, वर कोंबू नावाच्या समुद्रशेवाळाची वीतभर पट्टी टाकली आणि दीड तास खळाखळा उकळू दिलं. ज्याला पांढरा रस्सा जमतो त्याला हे काय अवघड, असा माझा हिशेब. झाकण काढलं तर खाली बुळबुळीत, कडवट पाणी आणि वर बोटभर तवंग. शेजारच्या ओबाचान, म्हणजे आजी, नेमक्या तेव्हाच कचऱ्याचा वार बदलल्याचं सांगायला दारात आल्या. त्यांनी पातेल्यात डोकावून एकच शब्द उच्चारला : "मोत्ताइनाई." चांगली वस्तू फुकट गेली की इथे असं म्हणतात. मला वाटलं, हाडांबद्दल बोलतायत. त्या कोंबूबद्दल बोलत होत्या.

निकु म्हणजे मांस आणि उदोन म्हणजे गव्हाच्या जाड नूडल्स. पण ओसाका, क्योतो, कोबे या कान्साई पट्ट्यात नुसतं 'निकु' म्हटलं की ते बीफच. डुकराच्या मांसाला वेगळं नाव घेऊन 'बुता' म्हणतात. म्हणूनच वाफवलेल्या ज्या पावाला टोकियोत 'निकुमान' म्हणतात, तो ओसाकात 'बुतामान' होतो. निकु उदोनमध्ये काय घालायचं, हा प्रश्न इथे कोणाला पडत नाही.

या पदार्थाची बांधणी समजली तर कृती निम्मी झाली म्हणा. आपल्याकडे मटणाचा रस्सा मटणातूनच उतरतो. इथे रस्सा समुद्रातून येतो आणि मांस वेगळ्या भांड्यात शिजतं. दोघांची गाठ थेट वाडग्यात पडते. याला इतिहास आहे. सम्राट तेन्मू यांनी ६७५ साली गाय, घोडा, कुत्रा, माकड, कोंबडी यांचं मांस खायला बंदी घातली. पुढे ती कधी सैल झाली, कधी आवळली, पण बीफ उघडपणे ताटात आलं ते १८७२ साली सम्राट मेइजी यांनी ते खाल्ल्यानंतर. तोवर शेवाळ आणि सुक्या माशाचा रस्सा, म्हणजे 'दाशी', शतकानुशतकं मुरून पक्का झाला होता. मांस हा उशिरा आलेला पाहुणा. त्याला पाटावर बसवलं, पण स्वयंपाकघराची किल्ली दिली नाही.

दोघांसाठी सामान

दाशीसाठी : पाणी १.१ लिटर, कोंबू १२ ग्रॅम, कात्सुओबुशी (सुकवलेल्या, धुरावलेल्या माशाचे कागदासारखे पातळ काप) २५ ग्रॅम.

रश्श्यासाठी : उसुकुची शोयू म्हणजे फिक्या रंगाचा सोया सॉस ३ मोठे चमचे, मिरिन (स्वयंपाकात वापरायची तांदळाची गोड दारू) ३ मोठे चमचे.

मांसासाठी : पातळ कापलेलं बीफ २०० ग्रॅम, साके (तांदळाची दारू) २ मोठे चमचे, साखर दीड मोठा चमचा, नेहमीचा गडद शोयू २ मोठे चमचे, मिरिन १ मोठा चमचा.

उदोनसाठी : मैदा २०० ग्रॅम, मीठ १० ग्रॅम, पाणी ९५ मिली, भुरभुरायला कॉर्नफ्लोअर. नाहीतर गोठवलेल्या उदोनचे दोन गोळे.

वर घालायला : पातीचा कांदा, शिचिमी (सात जिनसांची तिखट पूड), थोडं किसलेलं आलं.

मोठा चमचा म्हणजे १५ मिलीचा. कोंबू आदल्या रात्री भिजवा. उदोन घरी करणार असाल तर दुसऱ्या दिवशी सगळ्यात आधी गोळा मळून ठेवा आणि तो मुरतोय तोवर बाकीचं उरका.

दाशी

कोंबूवर पांढरी भुकटी दिसते. ती बुरशी नव्हे, धूळही नव्हे. त्यातच चव आहे. म्हणून तो नळाखाली धुवायचा नाही, ओल्या फडक्याने हलकेच पुसायचा. मग पाण्यात रात्रभर, तेवढा वेळ नसेल तर निदान अर्धा तास. पाणी हलकं लागतं. जड पाण्यात कोंबूची चव नीट उतरत नाही, त्यामुळे बोअरिंगचं पाणी येत असेल तर फिल्टरचं वापरा.

भिजलेला कोंबू पाण्यासकट मंद आचेवर ठेवा. दहा-बारा मिनिटांत पातेल्याच्या तळाशी मोहरीएवढे बुडबुडे धरू लागतात. एखादा सुटून वर येतो, दुसरा तिथेच चिकटून राहतो. पट्टीच्या कडा फुगून हिरवट झालेल्या असतात. चिमट्याने पट्टी उचलून तिच्या जाड भागात नख रुतवा. रुतलं तर काम झालं, पट्टी बाहेर काढा. उकळी फुटू द्यायची नाही, कारण उकळत्या पाण्यात कोंबूचा बुळबुळीतपणा आणि कडवट वास दोन्ही उतरतात. माझं पहिलं पातेलं तिथेच मेलं होतं. काढलेली पट्टी टाकून देऊ नका, तिचं काम बाकी आहे.

आता पाण्याला उकळी आणा, गॅस बंद करा आणि कात्सुओबुशीचे काप एकदम टाका. ते वर तरंगतात आणि मग भिजून हळूहळू खाली बसतात. दोन मिनिटं थांबा, चाळणीवर पातळ पंचा टाकून गाळा. पंचा पिळायचा मोह होईल. आपण नारळाचं दूध पिळून काढणारी माणसं, हात शिवशिवतात. पण पिळलं की माशाचा उग्र वास आणि गढूळपणा खाली येतो. जे आपणहून गळेल तेवढंच घ्यायचं. साधारण ९०० मिली मिळते, आणि तिचा रंग अगदी फिक्या चहासारखा असायला हवा.

उदोनच्या दुकानांत नुसती कात्सुओबुशी नसते. साबा म्हणजे बांगड्याच्या जातीचा आणि उरुमे म्हणजे तारलीच्या जातीचा सुका मासाही मिसळलेला असतो, आणि हे काप जाड असतील तर ते पाच-सात मिनिटं उकळावे लागतात. अशा मिश्र कापांचं पाकीट मिळालं तर जरूर घ्या. उदोनला थोडी दांडगी दाशीच शोभते.

कोंबू आणि कात्सुओबुशी एकत्र का, याचं उत्तर रसायनशास्त्रात आहे. १९०८ साली टोकियोच्या शाही विद्यापीठातले इकेदा किकुनाए यांनी कोंबूतून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला 'उमामी' नाव दिलं. १९१३ मध्ये कोदामा शिंतारो यांना कात्सुओबुशीत इनोसिनेट सापडलं. ही दोन्ही एकत्र आली की चवीची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. बीफमध्येही इनोसिनेट असतंच. म्हणजे उशिरा आलेला हा पाहुणा कोंबूचा लांबचा नातेवाईकच निघाला.

दाशीचा रस्सा करणं

८०० मिली दाशी मोजून पातेल्यात घ्या, उरलेली १०० मिली मांसासाठी बाजूला ठेवा. पातेल्यात मिरिन घालून एक उकळी येऊ द्या म्हणजे त्यातली दारू उडून जाते. मग उसुकुची घाला आणि आच कमी करा. बस्स. उसुकुचीचा रंग फिका म्हणून मिठालाही तो कमी असेल असं वाटतं, पण उलट आहे. नेहमीच्या शोयूपेक्षा तो जास्त खारट असतो, त्यामुळे 'जरा रंग येऊ दे' म्हणून वाढवू नका. उसुकुची मिळालाच नाही तर गडद शोयू २ मोठे चमचे आणि अर्धा लहान चमचा मीठ. चव जवळपास येते, रंग टोकियोकडे झुकतो.

तो रंगाचा वाद इथे फार जुना आहे. टोकियोकडचा रस्सा इतका काळसर की वाडग्याचा तळ दिसत नाही. ओसाकावाले त्याला नाक मुरडतात. निस्सिन कंपनीचा 'दोनबेई' हा कपातला उदोनसुद्धा पूर्वेसाठी आणि पश्चिमेसाठी वेगवेगळ्या चवीचा निघतो. नावांतही फरक आहे : टोकियोत रश्श्याला 'त्सुयू' म्हणतात, ओसाकात सरळ 'दाशी'. कोंबू उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावरचा, पण एदो काळात (१६०३ ते १८६८) 'कितामाएबुने' जहाजं तो जपानच्या पश्चिम किनाऱ्याने ओसाकाला आणून उतरवत. त्या माल-धक्क्याची चव या गावाच्या जिभेवर अजून आहे.

आत्ता चाखल्यावर रस्सा थोडा सपक वाटेल. वाटू द्या. मांस गोड-खारट आहे आणि ते यात उतरायचं आहे.

मांस

जपानी सुपरमार्केटात बीफ कागदासारखं पातळ कापूनच मिळतं. 'किरिओतोशी' असं लिहिलेलं पाकीट उचला. कापताना उरलेल्या वेड्यावाकड्या तुकड्यांचं ते पाकीट स्वस्त असतं आणि या पदार्थाला तेच बरं. थोडी चरबी हवी. महागडं, संगमरवरासारख्या जाळीचं मांस इथे वापरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. रश्श्यात त्याची सगळी ऐट विरघळून जाते आणि वाडगाभर तूप प्यायल्यासारखं होतं.

अख्खा तुकडा असेल तर तो तास-दीड तास फ्रीझरमध्ये ठेवा. बाहेरून कडक आणि सुरी दाबल्यावर आत जाईल इतपत. मग धाग्यांना आडवी सुरी धरून दोन मिलिमीटरचे काप काढा. धाग्याच्या दिशेने कापलंत तर कितीही पातळ असो, दातात अडकणार.

छोट्या कढईत १०० मिली दाशी, साके आणि साखर एकत्र उकळवा. मांसाचा गठ्ठा एकदम ओतायचा नाही. एकेक काप सुटा करून सोडायचा आणि चॉपस्टिकने नाहीतर काट्याने हलवत राहायचं, नाहीतर गोळा होतो. लाल रंग जाऊन काप करडे झाले की वर राखाडी फेस येतो, तो पळीने काढून टाका. आता गडद शोयू आणि मिरिन. मध्यम आचेवर तीन-चार मिनिटं, पाणी निम्म्यावर येईपर्यंत. गॅस बंद.

साखर आधी आणि शोयू नंतर का? शोयू आधी पडला तर मिठाने मांस आवळतं आणि गोडी आत शिरत नाही. जपानी घरांत हा क्रम 'सा शि सु से सो' असा पाठ असतो : सातो म्हणजे साखर, शिओ म्हणजे मीठ, सु म्हणजे व्हिनेगर, से म्हणजे शोयूचं जुन्या लेखनातलं पहिलं अक्षर आणि सो हे मिसोतलं (मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा). आपल्याला ही बाराखडी ओळखीची वाटते आणि तो योगायोग नाही. जपानी अक्षरांचा क्रम संस्कृत वर्णमालेवरूनच बेतलेला आहे. ओबाचान बोटं मोजत हे म्हणत होत्या तेव्हा मी पुढचं 'सं सः' म्हणून टाकलं. त्यांनी आदराने मान डोलावली.

शिजलेलं मांस त्याच रसात वीस मिनिटं तसंच ठेवा. चव आत मुरते ती उकळताना नाही, निवताना. वाढायच्या आधी फक्त गरम करायचं. ही वीस मिनिटं वाचवली तर कसं लागतं? वरून गोड, आतून कोरं. मी वाचवून पाहिली आहेत.

उदोन

खरं सांगायचं तर गोठवलेला उदोन उत्तम असतो. त्यात बहुधा टॅपिओकाचं पीठ असतं, त्याने तो चिवट-लवचिक राहतो. उकळत्या पाण्यात मिनिटभर घालून सुटा झाला की तयार. रोजच्या जेवणाला मी तोच वापरतो. पण रविवारी हाताशी वेळ असेल तर पीठ मळण्यासारखं दुसरं काही नाही.

मीठ पाण्यात पूर्ण विरघळवा. मैद्यावर ते पाणी तीन वेळा थोडं थोडं शिंपडून बोटांनी भराभर फिरवा. गोळा करायचा नाही, रवाळ भुगा करायचा. मग तो दाबून एकत्र आणा. कणकेची सवय असलेल्या हाताला हे पीठ फार कोरडं वाटतं, भेगा पडतात, आणखी पाणी घालावंसं वाटतं. घालू नका. फारतर एक चमचा.

मिठाचं प्रमाणही ऋतूवर चालतं. उदोनवाल्यांची 'दो सान, कान रोकु' अशी म्हण आहे : कडक उन्हाळ्यात एक वाटी मिठाला तीन वाट्या पाणी, कडाक्याच्या थंडीत सहा, एरवी पाच. उष्म्याने पीठ सैल पडतं, मीठ त्याला आवळून धरतं. घरच्या छोट्या गोळ्याला वर दिलेलं माप बाराही महिने चालतं. पुण्या-मुंबईच्या मे महिन्यात मात्र मीठ दोन ग्रॅम वाढवा.

आता अवघड भाग. हा गोळा हाताने मळून होत नाही, तो पायाने तुडवतात. जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून, वर टॉवेल टाकून, स्वच्छ मोजे घालून टाचांनी तुडवायचं, चपटा झाला की घडी घालून पुन्हा. असं चार वेळा. मी व्हिडिओ कॉलवर हे आईला दाखवलं तर ती म्हणाली, "अन्नाला पाय लावतोस? आधी नमस्कार कर त्याला." मी केला. मग तीच विचारायला लागली की गोळा किती मऊ झाला, दाब बघू. कानाच्या पाळीइतका मऊ, असं इथे सांगतात. पाय लावणं मनाला पटत नसेल तर पिशवीवर लाटणं आडवं धरून सगळं अंग टाकून दाबा. दुप्पट वेळ लागतो, दंड भरून येतात, पण होतं.

गोळा पिशवीतच उन्हाळ्यात तासभर, थंडीत दोन तास मुरू द्या. मग भरपूर कॉर्नफ्लोअर भुरभुरून तीन मिलिमीटर जाडीची पोळी लाटा. पुन्हा भुरभुरा, साडीच्या निऱ्यांसारखी घडी घाला आणि धारदार सुरीने तीन-चार मिलिमीटरवर सरळ खाली कापा. पुढेमागे करवतीसारखी सुरी चालवली तर कडा चेपतात आणि घड्या चिकटतात. कापलेल्या नूडल्स लगेच झटकून सुट्या करा.

तीन लिटर पाणी, बिनमिठाचं. पिठातलं मीठ आता या पाण्यात उतरणार आहे, म्हणूनच हे पाणी रश्श्यात वापरता येत नाही. खळखळत्या पाण्यात दहा ते बारा मिनिटं. एक नूडल काढून दाताने तोडा. मधोमध केसाएवढा पांढरा ठिपका दिसला तर कागावा प्रांतातल्या सानुकी उदोनसारखा चिवट झालाय. ओसाकात त्याहून मऊ लागतो, अजून दोन मिनिटं द्या. इथल्या लोकांच्या मते उदोनचं काम दाशी उचलून तोंडापर्यंत आणणं हे आहे, दातांशी कुस्ती खेळणं हे नाही. मग गार पाण्याखाली तांदूळ धुतल्यासारखं दोन्ही हातांनी चोळून धुवा. बुळबुळ गेली पाहिजे, नाहीतर एवढी जपलेली दाशी पिठूळ होते.

वाडगा

वाडग्यात उकळतं पाणी घालून ठेवा. दाशी उकळीच्या काठावर आणा, मांस गरम करा. उदोन आधणात अर्धा मिनिट बुडवून पूर्ण निथळा. वाडग्यातलं पाणी ओता, उदोन घाला, वर दाशी, मधोमध मांसाचा ढीग आणि त्याच्या रसाचा एक मोठा चमचा. एकच. सगळा ओतला तर सुकियाकी (गोड शोयूत शिजवलेलं बीफ) होतं, उदोन राहत नाही. बाजूला पातीचा हिरवा भाग बारीक चिरून मूठभर.

मग मिनिटभर ढवळू नका. मांसाच्या ढिगाखालून चरबीचे नाण्याएवढे गोल सुटतात आणि फिक्या दाशीवर पसरत कडेपर्यंत जातात. पहिला घोट कडेचा घ्यायचा, तिथे नुसती दाशी असते. जसजसे मध्याकडे याल तसतसा रस्सा गोड आणि जड होत जातो. शिचिमी त्यानंतर. किताक्युशूकडे यात किसलेलं आलं सढळ हाताने घालतात, ते मला इथल्या पद्धतीपेक्षाही आवडतं, विशेषतः सर्दीत. आणि हो, फुर्र आवाज करत ओढायचा. हळू खाल्लं तर उदोन फुगतो.

भारतात करताना

महाराष्ट्रात २०१५ पासून गायीबरोबर बैल आणि वळूच्याही कत्तलीवर बंदी आहे. मिळतं ते म्हशीचं. गोव्यात बीफ मिळतं. म्हशीचं मांस रंगाने गडद, चरबीने कमी आणि धाग्याने जाड असतं. अंडरकट मागा, तो नसेल तर पुठ्ठ्याचा कोवळा तुकडा. काप आणखी पातळ काढा. साखर-साकेच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं झाकून शिजवा आणि मगच शोयू घाला. लागेल तशी दाशी वाढवा. चरबी नसल्यामुळे चमचाभर बिनवासाचं तेल घालावं लागतं, नाहीतर ते नाण्याएवढे गोल दिसत नाहीत. साके नको असेल तर तेवढंच पाणी, मिरिन नको असेल तर प्रत्येक मोठ्या चमच्याला एक लहान चमचा साखर आणि थोडं पाणी.

कोंबू ऑनलाइन मिळतो आणि वर्षभर टिकतो. कात्सुओबुशी महाग पडते. कागावात उदोनची दाशी 'इरिको' या उकडून सुकवलेल्या छोट्या माशांची करतात, आणि तो मासा आपल्या मांदेलीच्याच कुळातला. म्हणून एकदा मी गावाकडून आलेल्या सुक्या मांदेलीची, डोकी आणि पोटं काढून, दाशी केली. चव वाईट नव्हती, पण ती उदोनकडे न जाता आमसूल मागत बसली. शिवाय मासा खारवलेला असेल तर मिठाचा सगळा हिशेब बिघडतो. त्यापेक्षा दाशीची तयार पूड बरी. फक्त तिच्यात मीठ असतं, म्हणून शोयू एक चमचा कमी.

मांस आणि दाशी उरली तर दुसऱ्या दिवशी निकुसुइ करा, म्हणजे उदोनशिवाय निकु उदोन. याचा जन्म ओसाकाच्या नांबा भागातल्या 'चितोसे' या छोट्या दुकानातला. योशिमोतो या मनोरंजन कंपनीच्या रंगमंचावरचे विनोदी नट हानाकी क्यो आदल्या रात्रीची उतरायची होती म्हणून तिथे आले आणि 'निकु उदोन द्या, पण उदोन काढून' म्हणाले. दुकानाने दिला. आता लोक त्यासाठी रांग लावतात आणि सोबत भातावर कच्चं अंडं घेतात. भारतात अंडं शिजवूनच घ्या.

आणि ती बाजूला ठेवलेली कोंबूची पट्टी. काडीसारखी बारीक चिरा, बुडेल इतकं पाणी, एक चमचा शोयू, एक चमचा साखर आणि व्हिनेगरचे काही थेंब घालून मंद आचेवर पाणी आटेपर्यंत ठेवा, वर भाजलेले तीळ. गरम भाताबरोबर लोणच्यासारखं लागतं. दुसऱ्यांदा दाशी जमली तेव्हा याचीच छोटी वाटी घेऊन मी शेजारी गेलो. ओबाचाननी एक काडी तोंडात टाकली, बराच वेळ चावली आणि म्हणाल्या, "साखर अजून अर्धा चमचा."